घोट घ्या, पुढं द्या

दामूभाऊ रामटेके गुरुवारी गेले. सकाळी त्यांनी दारातलं दूध आत घेतलं. दुपारी ते खुर्चीत बसले. संध्याकाळी माझी बायको निर्मला त्यांना वरण द्यायला गेली, तेव्हा ते खुर्चीतच होते. ती परत आली आणि म्हणाली, "भाऊ गेले." मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस मी काही लिहिलं नाही. आता बसलो आहे, तर सगळ्यात आधी आठवतं ते हे, की ज्या घरात कपांना ठेवायला जागा नव्हती, त्या घरात पाहुण्याला स्वतःचा कप कधी मिळाला नाही.

हे नीट सांगायला हवं. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या विटांच्या घरांत, आमच्या भिंतीपलीकडे दामूभाऊ राहत. मूळचे नागपूरकडचे, आमच्यासारखेच. एका शाळेत गणित शिकवत. लग्न केलं नव्हतं. घरात दोन खोल्या वर, दोन खाली, आणि चारही खोल्यांत जुनी चिनी मातीची भांडी. खिडक्यांत जग, टीव्हीवर मग, जिन्याच्या पायऱ्यांवर बशा. जिना चढताना पाय आडवे टाकावे लागत. भांडी सगळी दीडशे वर्षांपूर्वीची, निदान विकणाऱ्याने तसं सांगितलेली. कशावर झेंडे, कशावर मुकुट, कशावर शिडाचं जहाज, कशावर मधमाश्यांचं पोळं, कशावर त्रिकोणातून रोखून बघणारा एक डोळा. आणि सगळ्यात जास्त भांड्यांवर हात. मनगटापासून पुढचे, एकमेकांत मिळवलेले दोन हात.

असं सगळं असून रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलं, की चहा एकाच कपातून यायचा. कप कसला, लहान तपेलीच ती. गुलाबी-जांभळ्या झिलईची, दोन बाजूंना दोन कान असलेली. त्यात आल्याचा, दाट दुधाचा चहा काठोकाठ. दामूभाऊ पहिला घोट घेत, गरम फडक्याने काठ पुसत, आणि शेजारच्याच्या हातात देत. "घोट घ्या, पुढं द्या." बसमधला कंडक्टर माणसं आत सारतो त्या सुरात.

ते फडकं निर्मलामुळे आलं. ती इस्पितळात नर्स. पहिल्याच रविवारी म्हणाली, "भाऊ, असं नका करू. इन्फेक्शन होतं. एवढे कप आहेत, प्रत्येकाला एक द्या की."

दामूभाऊ हसले. "वहिनी, वेगळा कप लई पाहिला मी. आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या बापाचा वेगळा कप होता. कान तुटलेला. बाहेर खिळ्याले टांगलेला. बाप मले म्हणायचा, 'पाय दामू, पाटलाले तरी हाय का स्वतःचा कप?'"

मग ते उठले आणि किटलीतल्या पाण्यात फडकं बुडवून घेऊन आले. निर्मला पुढे कधी इन्फेक्शनबद्दल बोलली नाही. फडकं मात्र दर रविवारी स्वतः तपासायची.

हा नाद त्यांना लागला तो एका चुकीतून. रविवारी सकाळी शेतातल्या मैदानावर लोक गाड्यांच्या डिकीतून जुनंपानं सामान विकतात, तिथे त्यांना एक जग दिसला. जगावर कर्कटक आणि गुण्या. गणिताच्या माणसाला आणखी काय हवं? भूमितीत पहिल्या आलेल्या मुलाला मिळालेलं हे बक्षीस आहे, असं ठरवून त्यांनी तो घेतला आणि शाळेत वर्गात नेऊन दाखवला. "पाहा, या देशात भूमितीचा केवढा मान होता!" हेडमास्तरांनी जग बघितला, दामूभाऊंकडे बघितलं, आणि वर्गाबाहेर निघून गेले. कर्कटक आणि गुण्या ही एका गुप्त मंडळाची खूण, आणि हेडमास्तर स्वतःच त्या मंडळाचे सभासद होते, हे पुढे कळलं.

दुसरी चूक याहून मोठी. समोरच्या घरात डोरीन नावाच्या आजीबाई राहत. होजिअरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. लेस्टरच्या जुन्या लोकांप्रमाणे त्या सगळ्यांना लाडाने 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणत. दामूभाऊंना ते पहिल्या दिवशी लागलं होतं. "वसंता, बाईनं मले बदक म्हटलं बे." तर या डोरीनने एकदा ते हात मिळवलेले मग बघितले आणि म्हणाली, "माझ्या बाबांच्या लॉजमध्ये असेच होते."

दामूभाऊंनी मला कुंपणावरून हाक मारली. "ऐक. ही भांडी लॉजवाल्यांची आहेत. लॉजिंग-बोर्डिंग. आपल्या सीताबर्डीले नाही का? हात मिळवलेले म्हणजे 'या, बसा, जेवणाची उत्तम सोय.' त्रिकोणात डोळा म्हणजे 'सामानावर आमचं लक्ष आहे.'"

"आणि मधमाश्यांचं पोळं?"

"न्याहारीले मध." त्यांना जराही विचार करावा लागला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण एक सांगतो. बाईचा बाप दर मंगळवारी लॉजवर जायचा म्हणते. घरी बायको असून. अन् पोरगी कौतुकानं सांगून राहिली!"

मी लायब्ररीत काम करतो. पुस्तकं काढून बघितली. सरकारी मदत, पेन्शन हे काही नव्हतं त्या काळी इथले विणकर, खलाशी, खाणीतले मजूर आपापली मंडळं काढत. कुणी आजारी पडला तर मंडळ त्याच्या घरचं बघे. मेला तर मातीला सगळे जात. मंडळाच्या शाखेला लॉज म्हणत आणि आतल्या माणसाला ब्रदर. बैठकीत दोन कानांचा कप हातोहात फिरे. जो तो आपलं नाव आणि धंदा सांगे, घोट घेई आणि पुढे देई.

हे सांगितल्यावर दामूभाऊंनी हात मिळवलेला एक जग उचलून निरखला. मग म्हणाले, "वसंता, आपल्याकडं भावांवरून शब्द निघाला तो कोणता? भाऊबंदकी! म्हणजे बांधावरून मारामाऱ्या. अन् या गोऱ्यांनी भावांवरून मंडळ काढलं, अन् वर भांडीही छापली!" त्याच संध्याकाळी त्यांनी डोरीनकडे जाऊन तिच्या वडिलांची माफी मागितली. कशाबद्दल, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

राजेशाहीच्या भांड्यांना मात्र त्यांनी वेगळी वागणूक दिली. मुकुटाच्या मगात दाढीचा ब्रश. त्रिशूळ-ढाल घेऊन बसलेल्या ब्रिटानियाकडे बघून म्हणाले, "इथंही देवीच! कुठं जावं माणसानं?" सिंहाची बशी होती तिच्यात ते लिंबाचं लोणचं वाढायचे. "दीडशे वर्षं बसला ना हा आपल्या डोक्यावर. आता बसू दे लोणच्याखाली."

आमच्या विहारातले लोक यायचे, 'जयभीम' म्हणून बसायचे, घोट घ्यायचे, पुढे द्यायचे. त्यांना काही सांगावं लागलं नाही. पंचाईत झाली ती मराठी मंडळातल्या देशपांडेबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा. गणेशोत्सवातल्या नाटकासाठी त्यांना जुना जग हवा होता. बाई वाईच्या. मोकळ्या स्वभावाच्या, पण कप समोर आल्यावर त्या थबकल्या.

"अहो, पण हे... उष्टं नाही का?"

"ताई," दामूभाऊ म्हणाले, "उष्ट्याले इंग्रजीत काय म्हणतात?"

बाईंनी डोरीनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. 'लेफ्टओव्हर' म्हणून बघितलं, पण ते ताटात उरलेलं. "नाही हो, शब्दच नाही."

"मंग? ज्याले शब्द नाही ते या देशात नसतेच. कस्टमवालेही अडवत नाहीत. घोट घ्या."

बाईंनी डोळे मिटून घेतला. धीर येऊन दुसराही घेतला, चांगला मोठा. मग डोळे उघडले आणि किंकाळी फोडली. त्या कपाच्या तळाशी कुंभाराने मातीचा एक बेडूक चिकटवलेला होता. दीडशे वर्षांपूर्वीची खलाशांची थट्टा. पिणारा खाली खाली जाई तसतसे आधी दोन डोळे वर येत, मग तोंड. दामूभाऊंनी हे कुणालाही आधी सांगितलेलं नसे. पुढल्या रविवारी बाई आल्या त्या आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन. त्यांना बेडकाबद्दल त्यांनीही सांगितलेलं नव्हतं.

आता प्रकाशबद्दल सांगायला हवं.

प्रकाश दामूभाऊंचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो लहान होता. दामूभाऊंनी त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, इंजिनिअर केलं, मग तो ब्रिस्टलला आला. "पक्या विमानाचे पंख बनवते," असं दामूभाऊ मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगत. प्रकाशने ब्रिस्टलला घर घेतलं, त्याचं लग्न तेव्हा व्हायचं होतं, आणि वास्तूच्या निमित्ताने त्याने तिथल्या मराठी लोकांना जेवायला बोलावलं. दामूभाऊंना त्याने फोनवर कळवलं होतं, पण तारीख सांगताना तो जरा चाचरला असावा, असं दामूभाऊंच्या बोलण्यावरून मला नंतर वाटलं. माझ्याकडे गाडी होती. दामूभाऊ मांडीवर मिळवलेल्या हातांचा जग घेऊन बसले आणि वाटेत प्रत्येक वळणाला "हळू बे" म्हणत राहिले.

दारावर पितळी पाटी होती. पी. रामटेककर.

दामूभाऊंनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. प्रकाशने दार उघडलं तेव्हा म्हणाले, "पाटीवाल्यानं चूक केली रे. 'के'चं 'ककर' केलं."

"दादा, आत ये ना," प्रकाश हळू म्हणाला. "इंग्रजांना काय, काही फरक पडत नाही."

"मंग कोणाले पडते?"

याचं उत्तर आतल्या खोलीत सोफ्यावर बसलं होतं. इंग्रजाला रामटेके काय आणि रामटेककर काय, दोन्ही सारखंच अवघड. पण मराठी माणूस आडनाव ऐकतो, गाव विचारतो, आणि दोन प्रश्नांत कुठे बसवायचं ते ठरवतो. प्रकाशने त्या दोन प्रश्नांची तयारी केली होती. त्याची भाषाही बदललेली होती. 'करून राहिलो' गेलं होतं, 'करतोय' आलं होतं.

एका गृहस्थांनी विचारलं, "हे कोण?"

प्रकाश म्हणाला, "हे आमच्या तिकडचे. लेस्टरला असतात."

मी दामूभाऊंच्या मागेच उभा होतो. ते म्हणाले, "हो. मी यांच्या तिकडचाच." मग त्यांनी जग खिडकीत ठेवला, पोटभर जेवले, आणि मठ्ठ्याचं कौतुक केलं. परतताना मोटरवेवर फक्त एकदा बोलले. "पाटी मोठी घेतली असंल त्यानं. जागा उरली म्हणून दोन अक्षरं घातली."

पुढच्या रविवारपासून कपाला नवा नियम आला. जुन्या मंडळासारखाच, पण दामूभाऊंनी नागपुरी केलेला. घोट घेण्याआधी पूर्ण नाव आणि गाव सांगायचं. आडनावासकट. सगळ्यांनी. डोरीन म्हणायची, "डोरीन, लेस्टर, मी डक, तुला ठाऊक आहे." मीटरवालाही आता रविवारी चहाला येई, तो ताठ उभा राहून म्हणायचा, "केव्हिन, लॉफबरो." देशपांडेबाईंचं "सौ. विजया श्रीकांत देशपांडे, मूळ गाव वाई, माहेर साताऱ्याचं" होईपर्यंत चहावर साय धरायची.

एकदा कप धुताना मी त्यांना विचारलं, "भाऊ, हा नियम कशासाठी?"

"तू शिकलेला माणूस, तुले समजत नाही?" त्यांची पाठ माझ्याकडे होती. "एक दिवस पक्या येईल. या चार लोकांत बसंल अन् आपलं नाव सांगंल. आपल्या बापाचं. मले दुसरं काही नको, वसंता."

ते दर दिवाळीत, दर जयंतीला ब्रिस्टलला फोन करत. "ये रे. चहा प्यायले ये." प्रकाश "बघतो" म्हणे. अशी काही वर्षं गेली. भांडी वाढली. जिन्यावरून चढणं बंद झालं, दामूभाऊ खालीच झोपू लागले.

आणि एका रविवारी बेल वाजली. निर्मलाने दार उघडलं तर प्रकाश. केस विरळ झालेले, हातात मिठाईचा खोका. "लंडनला गेलो होतो, वाटेत..." म्हणाला. लंडनहून ब्रिस्टलच्या वाटेत लेस्टर कुठेच लागत नाही.

"बूट काढ," दामूभाऊ आतून म्हणाले. उठले नाहीत. पण त्यांच्या हातातल्या गाळणीतून चहा बशीत पडत होता.

प्रकाश आत आला आणि दारातच थांबला. कारण त्या दिवशी देशपांडेबाईंनी आपल्या दिरांना आणलं होतं, आणि दीर ब्रिस्टलचे निघाले.

"अरे, रामटेककर!" ते म्हणाले. "तुम्ही इकडे कुठे?"

खोलीत आम्ही सहा जण. प्रकाश बसला. रिकामी जागा दामूभाऊंच्या समोरच होती. त्या दिवशी दामूभाऊंनी पहिला घोट न घेताच कप पुढे दिला. डोरीन. निर्मला. मी. देशपांडेबाई, वाई, सातारा. दीर, नाव, गाव. गंमत म्हणून त्यांनी शाळेत उभं राहतात तसं उभं राहून सांगितलं. मग कप प्रकाशच्या हातात आला. त्याने दोन्ही कान धरले. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"सांगा की," दीर म्हणाले. "आणि यांची-तुमची ओळख कशी?"

मी दामूभाऊंकडे बघितलं. इतकी वर्षं ते याच घटकेची वाट बघत होते. फक्त गप्प बसायचं होतं.

ते म्हणाले, "हे आमच्या तिकडचे." मग प्रकाशकडे न बघता, फडकं घडी करत, "चहा थंड होऊन राहिला. नाव-गाव राहू द्या. घोट घ्या, पुढं द्या."

त्यांनी स्वतःचा नियम मोडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

प्रकाशने मान खाली घातली आणि प्यायला. तोंड लपवायला जागा हवी म्हणून असेल, तो पीतच राहिला. चहा खाली गेला. दोन डोळे वर आले.

"अरे बाप्पा!" प्रकाश ओरडला. "दादा, हे काय बसून राहिलं याच्यात?"

दिरांनी प्रकाशकडे बघितलं, मग दामूभाऊंकडे. दोघांचं नाक सारखंच होतं. ते आता कुणालाही दिसलं असतं. त्यांनी भुवया वर केल्या आणि काहीतरी विचारण्यासाठी पुढे झुकले.

"बेडूक आहे, मी डक," डोरीन म्हणाली. तिला मराठी येत नव्हतं, पण त्या कपावर माणसं कशाला ओरडतात ते तिला माहीत होतं.

"भावोजी," देशपांडेबाई आपल्या दिरांना म्हणाल्या, "तुम्ही मिठाई फोडा. आणि प्रकाशराव, तो कप तुमच्या दादांना द्या. त्यांचा घोट राहिलाय."

प्रकाश उठला. दोन पावलं टाकून त्याने कप दामूभाऊंच्या हातात दिला, आणि परत जागेवर न जाता तिथेच, त्यांच्या खुर्चीशेजारी, जमिनीवर बसला.

त्या दिवसानंतर दामूभाऊंनी कुणालाच नाव विचारलं नाही. केव्हिन सवयीने ताठ उभा राहिला तर म्हणाले, "बस बाप्पा. आता सर्वे ओळखीचेच आहेत."

मी एकदा छेडलं. "भाऊ, त्यानं नाव काही सांगितलं नाही शेवटी."

"दादा म्हणाला ना चार लोकांत?" ते म्हणाले. "रामटेके तर शाळेच्या हजेरीतही लिहिलेलं आहे. दादा कोण लिहून देते कोणाले?" आणि बशीतलं लोणचं माझ्याकडे सरकवलं.

पुढे प्रकाश अधूनमधून येत राहिला. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन आला. तिलाही बेडकाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

स्मशानगृहात विहारातले लोक आले, शाळेतले आले, केव्हिन आला. मराठी मंडळातलेही बरेच आले, ब्रिस्टलहूनसुद्धा. त्रिशरण-पंचशील झालं. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, घरचं कोण आहे? प्रकाश पुढे झाला आणि म्हणाला, "मी. धाकटा भाऊ." हे तो मराठीत म्हणाला. अधिकाऱ्याला कळलं नाही. मी इंग्रजीत सांगितलं.

भांडी वाटून टाकली. ज्याला जे हवं ते त्याने नेलं. देशपांडेबाई पेटी भरून वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि मध्येच थांबून नाक पुसत होत्या. डोरीनला तिच्या वडिलांच्या मंडळाचा एक मग सापडला. भिंतीपलीकडे आता एक गुजराती जोडपं राहतं. त्यांचं बाळ रात्री रडतं, आणि निर्मला म्हणते, बरं वाटतं.

रविवारी दुपारी आमच्याकडे फोन वाजतो. "मी दामूभाऊंचा भाऊ बोलून राहिलो," प्रकाश म्हणतो. मग आम्ही हवापाण्याचं बोलतो. तिकडे पाऊस असतो, इकडेही असतो.